नागपूरला जायच्या आधी

चि. छकुलीस,


सनद मिळाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. लगेच पुढचंही सांगितलं, की नागपूरला एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसात जागा होते आहे, पण पोरीचं मन डळमळतंय, तेव्हा मामाने दोन शब्द लिहावेत. काळा कोट घातलास तरी मला तू छकुलीच, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. एवढ्यात जाऊ नकोस. निदान चार-पाच वर्षं भंडाऱ्याला बस, आठवड्यातले दोन दिवस मोहाडीला जा, तुमसर-पवनीचं काम आलं तर नाही म्हणू नकोस. मग खुशाल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जा.

मी वकील नाही. लघुलेखक म्हणून कोर्टात नोकरी केली. साक्षीदार बोलतो, वकील मध्येच उठतात, साहेब मजकूर सांगतात आणि या सगळ्या गलबल्यातून जे कागदावर उतरतं ते टंकणारा मी. डायसच्या खालच्या त्या खुर्चीवरून कोर्ट जसं दिसतं तसं ते वकिलांना दिसत नाही, साहेबांनाही नाही. तेव्हा हे मत त्या खुर्चीचं आहे असं समज.

तुमच्या पुस्तकांत न्यायालयांची उतरंड काढलेली असते. सगळ्यात वर सर्वोच्च न्यायालय, मग उच्च न्यायालयं, मग जिल्हा व सत्र न्यायालय आणि तळाला तालुक्याचे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, जे फौजदारीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. ते चित्र पाहून पोरांना वाटतं की हक्काचं रक्षण वर होतं आणि खाली नुसत्या पेश्या पडतात. पण भंडाऱ्याहून नागपूरला साक्षीदार जात नाहीत, बाई. कागद जातो. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, साक्षी, रोजनामा, निशाणी क्रमांक पडलेले दस्तऐवज, एवढंच काय ते वरच्या कोर्टापुढे असतं. अपिलात जास्तीचा पुरावा घेण्याची तरतूद आहे, पण ती क्वचितच वापरली जाते. वरचं कोर्ट खालच्याचा निष्कर्ष चूक ठरवू शकतं, कायदा चुकीचा लावला म्हणू शकतं. जे कागदावर आलंच नाही ते मात्र दिल्लीतल्या पाच न्यायमूर्तींनाही निर्माण करता येत नाही.

हे कसं घडतं ते एका साध्या प्रसंगात सांगतो. धुऱ्याच्या भांडणातली मारहाण, रोवणीचे दिवस. साक्षीदार म्हातारी कास्तकारीण. ती सांगते, “बांधीत एवढं पाणी होतं, तो या बाजूनं आला न् मले इथं मारलं.” ‘एवढं’ म्हणताना तिचा हात गुडघ्यावर, ‘या बाजूनं’ म्हणताना डावीकडे, ‘इथं’ म्हणताना कानामागे. साहेबांनी पाहिलं, मी पाहिलं, कोर्टात बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं. कागदावर काय आलं? एवढं, या बाजूनं, इथं. हात कागदावर येत नाहीत. दोन-चार वर्षांनी नागपूरला कोणी न्यायमूर्ती ते पान उलटतील तेव्हा मार कुठे बसला हे त्यांना कळायचं नाही, आणि वैद्यकीय दाखल्यात कानामागची जखम असेल तर दोन्हींचा मेळ बसणार नाही. तिथे वकिलाने फक्त उभं राहून म्हणायचं असतं, “साक्षीदाराने उजव्या कानामागे हात लावून दाखवला, अशी नोंद व्हावी.” माझ्यासमोर हे वाक्य वेळेवर म्हणणारे वकील बोटांवर मोजण्याएवढे होते. आवाज चढवणारे पुष्कळ.

आता मोठं उदाहरण. खैरलांजी तुझ्या मोहाडी तालुक्यातलीच. २९ सप्टेंबर २००६ ला तिथलं हत्याकांड घडलं तेव्हा तू बालवाडीत असशील, म्हणून जरा सविस्तर सांगतो. भैयालाल भोतमांगे यांचं कुटुंब, गावातल्या मोजक्या दलित घरांपैकी एक. स्वतःची शेती, मुलं शिकणारी. त्या महिन्याच्या सुरुवातीला शेजारच्या गावच्या एका पोलीस पाटलाला, जो या कुटुंबाच्या बाजूने उभा राहत असे, मारहाण झाली. त्या प्रकरणात भैयालाल यांच्या पत्नी सुरेखाबाई आणि मुलगी प्रियंका यांनी मारणाऱ्यांची नावं सांगितली. आरोपींना अटक झाली, २९ तारखेला जामीन झाला आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर चालून गेला. सुरेखाबाई, प्रियंका आणि सुधीर, रोशन हे मुलगे, चौघंही मारली गेली. भैयालाल तेवढे वाचले. मृतदेह कालव्यातून काढावे लागले.

यात जामीन हा दोष होता असं माझं म्हणणं नाही. जामीन मागणं हा आरोपीचा हक्क आहे आणि तू उद्या रोज तेच करणार आहेस. पण नावं सांगणाऱ्या बायांना तो झाल्याचं वेळेवर कळवायचं कोणी? त्यांच्या दाराशी एक शिपाई उभा करायचा कोणी? तेव्हाच्या कायद्यात याचं धड उत्तर नव्हतं.

मग पुढचे दिवस. शवविच्छेदन एकदा झालं, त्यावर इतके प्रश्न उठले की पुरलेले देह उकरून ते पुन्हा करावं लागलं. बलात्काराचा आरोप राज्यभर होत राहिला, पण कोर्टात उभा राहील असा वैद्यकीय पुरावा त्या पहिल्या दिवसांतून हाती आला नाही. पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, नागपूरपासून मुंबईपर्यंत लोक रस्त्यावर आले, तपास सीबीआयकडे गेला. खटला आपल्या भंडाऱ्यात चालला. १५ सप्टेंबर २००८ ला अकरापैकी आठ दोषी ठरले, तिघं सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली गेली. मात्र खून शाबीत झाले तरी ते जातीच्या कारणावरून झाले हे शाबीत झालं नाही, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या अॅट्रॉसिटी कायद्याखालचे आरोप टिकले नाहीत.

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, अपील करा वा नका करू. ही राखण चांगली आहे. त्याप्रमाणे प्रकरण खंडपीठापुढे गेलं आणि १४ जुलै २०१० ला फाशीच्या जागी २५ वर्षांची सक्तमजुरी आली. खंडपीठानेही कारण सूडाचं धरलं, जातीचं नाही. फाशी टळल्याचं पुष्कळांना वाईट वाटलं. मला स्वतःला त्याचं फार वाटलं नाही, माणूस टांगण्याचा मला सोस नाही. मला लागलं ते हे, की ज्या गावात त्या कुटुंबाची जात प्रत्येकाला ठाऊक होती, तिथली ती जात निकालाच्या कागदात कारण म्हणून येऊ शकली नाही. भैयालाल २०१७ च्या जानेवारीत गेले.

आणखी एक बारकावा, जो वकिलाच्या कामाचा आहे. तिघं सुटले त्याविरुद्ध अपील करण्याचा स्वतःचा हक्क २००८ साली भैयालालना नव्हता. अपील करायचं ते सरकारी यंत्रणेने. पीडिताला तो हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. आज तो नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४१३ मध्ये आहे. मी अशी माणसं पाहिली आहेत की ज्यांना हा हक्क आहे हे मुदत संपल्यावर कळलं.

आता पुढे काय बदललं ते बघ, कारण त्यातच तुझं काम आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. गंभीर गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ केला हे दाखवावं लागायचं, तिथे आता आरोपीला जात ‘माहीत होती’ एवढं पुरतं. आणि आरोपी त्या माणसाला किंवा त्याच्या घराला ओळखत होता असं दिसलं, तर जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं, नव्हती हे आरोपीने दाखवायचं. खैरलांजीत गाडं जिथे अडलं, नेमकी तीच जागा. त्याच दुरुस्तीने कलम १५-अ आलं. जामिनाच्या अर्जाची सूचना पीडिताला द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, साक्षीदाराला संरक्षण द्यायचं. शिवाय ५ डिसेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षणाची योजना देशभर लागू केली. साक्षीदाराला धोका असेल तर जिल्ह्यालाच अर्ज करता येतो, नागपूर-मुंबई करावी लागत नाही.

हे सगळं छापील आहे. पण जामिनाच्या दिवशी मोहाडीच्या कोर्टात उठून, “साहेब, फिर्यादीला नोटीस लागलेली नाही,” असं म्हणणारं कोणी नसेल तर कलम १५-अ पुस्तकातच राहतं. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तो खालच्या कोणी केला असेल तर ते पहिल्याच पेशीला दाखवून द्यावं लागतं. दहा वर्षांनी तोच मुद्दा आरोपीचा वकील दाखवतो, आणि मग तो तुझ्या विरुद्ध जातो.

आता पहिल्या रिमांडबद्दल. मला विचारशील तर घटनेच्या कलम २१ आणि २२ चा खरा कस इथेच लागतो. अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. चोवीस तास कुठून मोजायचे? पोलिसांच्या कागदावर अटक संध्याकाळी सहाची असते, आई सांगते पोराला पहाटेच उचलून नेलं. आईला फोन कधी आला, शेजाऱ्याने काय पाहिलं, ठाण्याचा कॅमेरा काय दाखवतो, हे त्याच दिवशी अर्जात लिहून दिलंस तर त्याला वजन येतं. आठ दिवसांनी दिलंस तर रचलेलं वाटतं.

साहेब आरोपीला विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” पोरगा “नाही” म्हणतो. म्हणणारच. ज्याने आणलं तो शिपाई दंडाला धरून शेजारी उभा असतो आणि पोलीस कोठडी (पीसीआर) मिळाली तर रात्र पुन्हा त्याच ठाण्यात काढायची असते. तू आधी त्याच्याशी बोल, शिपायाला चार पावलं मागे सरकायला सांग, चालताना तो लंगडतो का बघ. मग वैद्यकीय तपासणीचा अर्ज लेखी दे. तोंडी बोललेलं रोजनाम्यात येईलच असं धरून चालू नकोस. मी रोजनामे पाहिले आहेत.

आता तर आणखी एक साधन हाती आलं आहे. ६ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, मुंबईच्या वरळीतल्या एका मोटार अपघाताच्या खटल्यात, ठरवून दिलं की अटकेची कारणं लेखी द्यायची, ती पकडलेल्या माणसाला कळेल त्या भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्य नसेल तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी हातात पडली पाहिजेत. नाहीतर अटक बेकायदा. हा निकाल देणाऱ्यांत तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई होते. अमरावतीचे, आणि वकिली नागपूरच्या खंडपीठात केलेले. तू मोहाडीच्या कोर्टात पोलिसांना नम्रपणे एवढंच विचार, की कारणांचा कागद कुठे आहे आणि तो किती वाजता दिला.

आणि वकील परवडत नाही म्हणणाऱ्याला घरी पाठवू नकोस. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, दिव्यांग किंवा कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा कोर्टाच्या आवारातच प्राधिकरणाचं ऑफिस असतं. १५१०० हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. आणि फुकटचा वकील म्हणजे दुय्यम वकील, असं बाररूममध्ये कोणी म्हणालं तर वाद घालू नकोस, काम करून दाखव.

ठाण्यात फिर्याद घेत नाहीत ही तक्रार तर रोजची. ठाण्याचा रायटर अदखलपात्र (एनसी) नोंद करून कागद हातात देतो, बाई तो कागद घेऊन समाधानाने घरी जाते. तिला सांग, दखलपात्र गुन्हा असेल तर फिर्याद घ्यावीच लागते, हद्द कोणतीही असो, आणि तिची प्रत फुकट मिळते. नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठव, तरी नाही तर दंडाधिकाऱ्याकडे अर्ज. हाच क्रम नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. अधीक्षकांकडे पाठवल्याची पोस्टाची पावती जपून ठेवायला सांग. त्या पावतीवाचून पुढचा अर्ज लंगडा पडतो.

फौजदारीच लिहीत बसलो. दिवाणीतही तेच. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. पवनीकडची किती गावं त्या पाण्याखाली गेली ते तुला ठाऊक आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला कमी वाटला तर वाढीसाठी कोर्टाकडे संदर्भ मागायची मुदत होती, निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला सहा आठवडे. सहा आठवडे म्हणजे किती? धानाचे पऱ्हे टाकून रोवणी आटपेस्तोवर जातात तेवढे. ज्याला कोणी वेळेत सांगितलं नाही त्याचा हक्क नोटिशीच्या कागदातच विरला. मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, तो ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर कलम ३००-अ मध्ये गेला, यावर तुम्ही परीक्षेत पानं भरली असतील. कास्तकाराचा हक्क गेला तो मुदतीत.

तू म्हणशील, मामा, मग वरची कोर्टं कशाला? आहेत, आणि हवीतच. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत कलम ३२ ला घटनेचा आत्मा म्हटलं, कारण हक्क लिहून दिले आणि ते मागायची जागा दिली नाही तर ते कोरडेच.   दिल्लीला जाणं सगळ्यांना झेपत नाही, म्हणून उच्च न्यायालयाला कलम २२६ आहे. त्याचा आवाका ३२ पेक्षा मोठा, आणि नागपूर आपल्याहून साठेक किलोमीटर. कोणाला बेकायदा डांबलं असेल, शाळेने दाखला अडवला असेल, ग्रामपंचायत सदस्याला नियम धाब्यावर बसवून अपात्र केलं असेल, तर तिथे जावंच.

पण वर गेलं की न्याय ठेवलेलाच, असं धरू नकोस. आणीबाणीत लोकांना विनाचौकशी आत टाकलं तेव्हा ‘आम्हाला कोर्टापुढे तरी उभं करा’ हा अर्ज ऐकण्याजोगा आहे असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं. त्यांत आपलं नागपूर खंडपीठही होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते सगळे निकाल मोडले. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात राहिले आणि त्यांचं होऊ घातलेलं सरन्यायाधीशपद गेलं. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता असं २४ ऑगस्ट २०१७ ला त्याच न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, आणि ते लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड, त्यांचेच चिरंजीव. मध्ये ४१ वर्षं गेली. आत टाकलेल्यांच्या वेळेला खालची कोर्टं बरोबर होती, वरचं चुकलं होतं.

आणि आपल्या लाखांदूरला लागूनच देसाईगंज आहे. तिथल्या ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने सोडलं, खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असं कारण दिलं गेलं. तिथे खरं तर रस्ता संपला होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका उठल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली की कोर्टाने तसंच धरायचं. त्या मुलीला त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्यांना झाला.

शेवटचं. उद्या तुझ्याकडे असा आरोपी येईल ज्याचं नाव काढलं तरी गाव थुंकतं. तुझी आई म्हणेल, असल्याची केस घेऊ नको गं. घे. त्याच्या वतीने नीट उलटतपासणी झाली तर जी शिक्षा लागेल ती वर टिकेल, आणि तो निर्दोष असेल तर ते दाखवायची तीच जागा आहे. त्याला वकील नव्हता किंवा होता तो गप्प बसला, या कारणाने खटला पुन्हा चालवायची वेळ आली तर फिर्यादीच्या बाईला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगावं लागतं. ते पाहणं मला कधी सहन झालं नाही.

सोमवारी मोहाडीला जाशीलच. तिथल्या कारकुनांशी गोडीने वाग, नक्कल लवकर मिळते. आणि पहिलाच रिमांड हाती आला तर बाकी सगळं सोडून आधी अटकेच्या फॉर्मवर आरोपीच्या सहीशेजारी वेळ घातली आहे का ते बघ. नसेल तर त्या फॉर्मची नक्कल त्याच दिवशी माग.

तुझा,
मामा